दोनशे रुपयांची उधारी आणि केनियाचे खासदार

उधारीवर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, ओळखीच्या माणसाचं ठीक आहे, त्याचं घर माहीत असतं. पण एखादा अनोळखी माणूस अडचणीत काउंटरसमोर उभा राहिला तर काय करायचं? देऊन टाकायचं की हात जोडायचे?"

या प्रश्नाला दोन मिनिटांच्या व्हिडिओत उत्तर देता येत नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. उत्तरासाठी लांब जायची गरज नाही. आपल्याच छत्रपती संभाजीनगरात, वानखेडेनगरात घडलेली गोष्ट आहे. तुम्ही ती बातमीत वाचली असेल, व्हॉट्सअॅपवर फिरलेली पाहिली असेल. पण आज ती जरा दुकानदाराच्या नजरेने बघू.

जुलै २०१९. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. केनियाच्या संसदेतले एक खासदार, रिचर्ड टोंगी, शिष्टमंडळाबरोबर भारतात आले होते. दिल्लीतलं सरकारी काम झाल्यावर ते पत्नीला घेऊन आपल्या शहरात आले. वेरूळ-अजिंठ्यासाठी नाही, तर एका किराणा दुकानदाराला शोधायला. कारण १९८५ ते १९८९ या काळात टोंगी इथल्या मौलाना आझाद कॉलेजात व्यवस्थापन शिकत होते, वानखेडेनगर परिसरात राहत होते, आणि शिक्षण संपवून मायदेशी परतले तेव्हा त्या दुकानदाराचे दोनशे रुपये द्यायचे राहून गेले होते.

साधारण तीस वर्षं झाली होती. मधल्या काळात हा विद्यार्थी न्यारिबारी चाचे मतदारसंघातून केनियाच्या संसदेत निवडून गेला होता. दुकानदार म्हातारे झाले होते. आपण त्यांना इथे काकाच म्हणू. टोंगी त्यांच्या दारात उभे राहिले तेव्हा काकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. भेटीत डोळ्यांत पाणी आलं. टोंगींनी तेव्हा पत्रकारांना जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की विद्यार्थी असताना माझी परिस्थिती वाईट होती, या लोकांनी मला सांभाळून घेतलं, आणि एक दिवस परत येऊन यांचे पैसे द्यायचे हे मी मनाशी ठरवलं होतं. काकांच्या घरच्यांना पाहुण्यांना हॉटेलात जेवायला न्यायचं होतं. टोंगी म्हणाले, नाही, जेवायचं तर तुमच्या घरीच. जेवले, काकांना केनियाला यायचं आमंत्रण दिलं आणि गेले.

एवढीच गोष्ट. बीबीसीपासून सगळीकडे ती छापून आली.

आता ही गोष्ट ऐकून आपल्या व्यवसाय-प्रशिक्षणाच्या दुनियेत लगेच काय होतं बघा. कोणीतरी स्टेजवर उभा राहून सांगतो, "चांगुलपणा ही सगळ्यात मोठी गुंतवणूक आहे, आज द्या, उद्या दसपट परत येईल!" टाळ्या पडतात. मला हे वाक्य अजिबात पटत नाही, आणि का ते आकड्यातच दाखवतो.

१९८९ साली दोनशे रुपये बारा टक्के चक्रवाढीने कुठे ठेवले असते, तर तीस वर्षांनी त्याचे सहा हजाराला आठ रुपये कमी झाले असते. काकांनी ते पैसे माल भरायला फिरवले असते तर कदाचित आणखी जास्त. म्हणजे गुंतवणूक म्हणून बघायचं, तर कोणताही शहाणा माणूस हा व्यवहार करणार नाही. तारण काही नाही, सही नाही, मुदत ठरलेली नाही, आणि घेणारा दुसऱ्या खंडातला विद्यार्थी, जो शिक्षण संपलं की जाणार हे उघडच होतं. असं कर्ज कुठलीही बँक देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट. टोंगी आले म्हणून बातमी झाली. जे आले नाहीत त्यांची बातमी होत नाही. ऐंशीच्या दशकात आपल्या शहरात मराठवाडा विद्यापीठात आणि वेगवेगळ्या कॉलेजांत परदेशातून, आफ्रिकेतून शिकायला येणारी मुलं होती. सिडको वाढत होती, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, बाहेरून माणसं येत होती, भाड्याने राहत होती, जात होती. अशा शहरात किती दुकानदारांनी किती जणांना "राहू दे, नंतर दे" म्हटलं असेल! त्यातली बहुतेक पानं तशीच राहिली असणार. रागाने म्हणत नाही. माणूस गाव सोडतो, चिठ्ठी हरवते, लाज वाटते, विसरतो.

मग काकांनी चूक केली का? मुळीच नाही. फक्त ती गुंतवणूक नव्हती. ते काय होतं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण तुमच्या दुकानातही तो प्रसंग येणार आहे. कोचिंगसाठी बीड-परभणीहून आलेला पोरगा येईल, वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत नव्याने लागलेला, पगार अजून न झालेला बिहारचा कामगार येईल, फोनपे चालत नाही म्हणून हातात बिस्किटाचा पुडा धरून अडकलेली बाई येईल.

काकांनी त्या मुलाला काय दिलं, याचा विचार करा. किराणा दिला, ते तर झालंच. पण तो *उधारीवर* दिला. इथे सगळी गंमत आहे. फुकट दिला असता तर तो मुलगा याचक झाला असता. आभार मानून गेला असता, आणि कदाचित त्या दुकानाच्या वाटेने परत जायचंही टाळलं असतं. आपल्याकडे माणूस अन्नाचं दान घेताना किती खाली बघतो ते तुम्ही पाहिलं असेलच. उधारीवर दिल्यामुळे तो गिऱ्हाईकच राहिला. वहीत नाव लिहिणं म्हणजे समोरच्याला सांगणं, की तू आज अडचणीत आहेस, पण तू देणारा माणूस आहेस. घरापासून इतक्या दूर, परक्या देशात, खिशात पैसे नाहीत, घरून मोबाईलवर क्षणात पैसे यायचा तो काळ नाही, आणि कोणीतरी तुम्हाला देणारा माणूस समजतं. ते दोनशे रुपये तीस वर्षं डोक्यात राहिले यात मला तरी नवल वाटत नाही. दान फेडता येत नाही, उधारी फेडता येते. टोंगींना परत यायला एक कारण त्या वहीने दिलं.

आता कायद्याची एक गोष्ट सांगतो. ती या घटनेलाही लागू आहे आणि तुमच्या वहीलाही. आपल्याकडे १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. माल दिला, पैसे कधी द्यायचे हे काही ठरवलं नाही, तर माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आत तुम्ही कोर्टात दावा लावू शकता. त्यानंतर नाही. मात्र देणेकरी भारताबाहेर असतो तो काळ या मुदतीत मोजला जात नाही, त्यामुळे टोंगींची उधारी कागदावर मुदतबाह्य झालेली नव्हती. पण केनियात गेलेल्या माणसावर दोनशे रुपयांसाठी काका प्रत्यक्षात दावा लावणार नव्हतेच.

पण याच कायद्याची दुसरी बाजू फार कमी दुकानदारांना माहीत असते. मुदत संपली की वसुलीचा *मार्ग* बंद होतो, देणं स्वतः मरत नाही. १८७२ च्या करार कायद्यातही याला जागा आहे. मुदतबाह्य झालेलं देणं मी देईन असं माणसाने लेखी, सहीनिशी कबूल केलं, तर ते वचन कायद्याने बांधील ठरतं. आणि मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी कबुली दिली, तर तीन वर्षं तिथून नव्याने मोजली जातात. म्हणून मी नेहमी सांगतो, मोठी उधारी असेल तर वर्षातून एकदा बाकी लिहून त्यावर सही घ्या. भांडायला नाही, कागद जिवंत ठेवायला. दोनशे-पाचशेसाठी हे करू नका, हसतील लोक.

तर कायद्याचा धाक नव्हता, साक्षीदार नव्हता, मागणारा नव्हता. देणारा स्वतःहून आला. लोक असे असतात का? की टोंगी हा लाखात एक?

योगायोग बघा, टोंगी इथे आले त्याच्या आदल्याच महिन्यात, जून २०१९ मध्ये, 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा प्रयोग छापून आला होता. संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांवर पाकिटं "रस्त्यात सापडलं" असं सांगून बँका, हॉटेलं, पोस्ट ऑफिसं अशा ठिकाणच्या काउंटरवर दिली. पाकिटात मालकाचा ईमेल पत्ता होता. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. किती लोक मालकाला कळवतात, हे बघायचं होतं. आपल्याला काय वाटतं? पैसे असलेली पाकिटं गायब होणार. झालं उलट. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांबद्दल मालकाला कळवलं गेलं, आणि पैसे असलेल्यांपैकी सुमारे ५१ टक्क्यांबद्दल. त्या ४० देशांत भारतही होता आणि केनियाही. अर्थतज्ज्ञांनासुद्धा आधी विचारलं होतं, त्यांचेही अंदाज चुकले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. लोक आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरे निघाले, ही एक बाजू. पैसे असलेल्या पाकिटांपैकीसुद्धा जवळजवळ निम्म्यांबद्दल कोणी काहीच कळवलं नाही, ही दुसरी. दुकान चालवायचं तर दुसरी बाजू विसरून चालत नाही.

आणि परतफेड येते तेव्हा ती त्याच माणसाला, त्याच रूपात येते असंही नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं उदाहरण बऱ्याच जणांना माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियात हाकलले गेलेले, तिथून कसेबसे बाहेर पडलेले पोलंडचे निर्वासित, त्यात बायका-मुलंच जास्त, असे सुमारे पाच हजार लोक १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्या मुलांनी, त्यांच्या नातवंडांनी कोल्हापूरशी नातं ठेवलं. पोलंडची राजधानी वॉर्सा इथे आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान तिथे जाऊन आले. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा आपली अनेक मुलं ज्या देशांची सरहद्द ओलांडून घरी आली, त्यात पोलंडही होता. या दोन गोष्टींना मी दोरीने बांधत नाही. पोलंडने लाखो युक्रेनियन लोकांनाही घेतलं, ते काही वळिवड्यामुळे नाही. पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका छावणीची आठवण परक्या देशाने दगडात कोरून ठेवली आहे, आणि वळिवड्यात ज्यांनी तेव्हा आसरा दिला त्यातलं क्वचितच कोणी ते बघायला राहिलं असेल. मान मिळतोय तो पुढच्या पिढ्यांना.

म्हणून काउंटरवर बसलेल्या माणसाने परतफेडीचा विचारच करू नये. तो हिशेबात बसत नाही. हिशेबात काय बसतं, ते आता बघू, कारण तुमचं दुकान टिकलं तरच पुढच्या अडलेल्या माणसाला काही मिळणार.

समजा तुमच्या किराण्यात शंभराच्या विक्रीमागे दहा रुपये सुटतात. हजार रुपयांची उधारी बुडाली, तर तुमच्या हातून नऊशे रुपयांचा माल गेला. तो भरून काढायला तुम्हाला नऊ हजारांची विक्री करावी लागते, आणि तीही वरचा खर्च धरलाच नाही तर. हे गणित मी मुद्दाम प्रत्येक बॅचमध्ये फळ्यावर लिहितो, कारण मन मोठं असलेले दुकानदार याच ठिकाणी बसतात. एकाला नाही म्हणवत नाही, मग दुसऱ्याला, मग वही जाड होते, मोंढ्यातल्या ठोक व्यापाऱ्याचं देणं थकतं, आणि ज्याने आयुष्यभर सगळ्यांना सांभाळलं तोच एक दिवस शटर खाली ओढतो. अशा माणसाला मग कोणी दोनशे रुपये द्यायला येत नाही. आलं तरी पत्ता सापडत नाही!

काकांचे दोनशे रुपये बघा. एका किराणा दुकानाला सहन होईल इतकीच ती रक्कम होती. पण त्या विद्यार्थ्याला ती मोठी होती. देणाऱ्याला विसरता येईल आणि घेणाऱ्याला विसरता येणार नाही, अशी रक्कम. वीस हजार असती तर काकांची झोप उडाली असती, आणि टोंगी बहुधा आलेच नसते, कारण इतकं मोठं देणं माणसाला परत आणत नाही, पळवतं.

मी माझ्या लोकांना असं सांगतो. अनोळखी अडलेल्यांसाठी महिन्याची एक रक्कम आधीच ठरवा. पाचशे ठरवा, हजार ठरवा, पानटपरी असेल तर दोनशे. ती तुमच्या घरखर्चाच्या बाजूने काढा, खेळत्या भांडवलातून नाही. समोरच्याला देताना ती उधारी म्हणूनच द्या, नाव लिहा, "जमेल तेव्हा दे" म्हणा, चेहरा दयाळू करू नका. पण तुमच्या स्वतःच्या हिशेबात ती त्याच दिवशी गेली म्हणून धरा. येणे बाकीच्या बेरजेत ती घेऊ नका, नाहीतर महिनाअखेरीला वहीत दिसणारा पैसा गल्ल्यात नसतो आणि तुम्ही चिडता. खातेबुकसारखं अॅप वापरत असाल तर या नावांना आठवणीचा मेसेज लावू नका. नेहमीच्या गिऱ्हाईकाला लावा, जरूर लावा, तिथे लाजू नका. ती विक्री आहे, तिथे पैसे यायलाच हवेत.

त्या महिन्याची रक्कम संपली, आणि पंचवीस तारखेला अजून एक जण आला, तर? सरळ सांगा, "भाऊ, उधार जमणार नाही." पण माल सोडून तुमच्याकडे बरंच काही असतं, त्याचा खर्च शून्य आहे. पाणी द्या. मोबाईल चार्जिंगला लावू द्या. बस स्टँडला इथून रिक्षाचे खरे किती होतात ते सांगा, परगावच्या माणसाला यापेक्षा मोठी मदत नाही. घरी एक फोन लावून द्या. जवळ कोणती मेस स्वस्त आहे ते सांगा. आपल्या शहरात रोज पाहुणे येतात. पैठण गेट, गुलमंडी, कॅनॉट, टीव्ही सेंटर, कुठेही दुकान असो, दिवसाला दोन-चार अशी माणसं दारावरून जातातच.

एक प्रश्न राहिला. फसवणारा कोणता आणि खरा अडलेला कोणता, हे कसं ओळखायचं? खरं सांगू, शंभर टक्के ओळखता येत नाही, आणि ओळखण्याच्या नादात आपण समोरच्याची उलटतपासणी करतो, ते जास्त वाईट. एक साधी खूण मी वापरायला सांगतो. माणूस काय मागतोय ते बघा. पीठ, तांदूळ, दूध, औषध मागणारा वेगळा. रोख मागणारा, घाई करणारा, लांबलचक कहाणी सांगणारा वेगळा. रोख देऊ नका, माल द्या. रक्कम आधीच ठरलेली असल्यामुळे फसलात तरी तेवढ्यापुरतंच फसाल.

आणि हे ठरवलं की दुकानात बसणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवा. घरच्यांना, मुलाला, कामावरच्या पोराला. किती द्यायचं, कोणत्या पानावर लिहायचं, कोणाला विचारायचं. नाहीतर सकाळी तुम्ही ज्याला "नंतर दे" म्हणालात, त्यालाच संध्याकाळी तुमचा मुलगा चार गिऱ्हाइकांसमोर सकाळचे पैसे मागेल.